आलेखीय कलाकृतींच्या फाइलींची सुसंगती

संगणकावरील एका आज्ञावलीत तयार केलेले बोधचिन्ह, वेष्टन, भित्तिपत्रक किंवा मुखपृष्ठ दुसऱ्या आज्ञावलीत नेले असता त्याचे मूळ स्वरूप कितपत टिकते, यास फाइलींची सुसंगती असे म्हणतात. मूळ स्वरूप टिकणे याचे दोन अर्थ संभवतात. चित्र जसेच्या तसे दिसणे व छापले जाणे हा एक. त्यातील रेषा, रंग व मजकूर यांत पूर्वीप्रमाणे फेरफार करता येणे हा दुसरा. पहिल्या अर्थाने सुसंगती बव्हंशी साध्य झाली आहे. दुसऱ्या अर्थाने ती अपुरीच राहिली असून या विषयाचा इतिहास मुख्यतः त्या उणिवेचा इतिहास आहे.

ठिपक्यांनी बनलेल्या चित्राचे स्थलांतर तुलनेने सोपे असते. प्रत्येक ठिपक्याचा रंग क्रमाने नोंदविला की काम भागते. १९८६ मध्ये ऑल्डस या कंपनीने पुढे आणलेला टिफ हा फाइलप्रकार त्यामुळेच सर्वत्र रूढ झाला. रेखाचित्राचे तसे नाही. त्यात रेषा गणिती वक्रांच्या रूपाने साठविलेली असते. रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंता प्येर बेझ्ये (१९१०–९९) याच्या नावाने ओळखले जाणारे हे वक्र बहुतेक आज्ञावलींत समान असले, तरी त्यांभोवतीची माहिती, म्हणजे गट, थर, छटांचे मिश्रण, परिच्छेदाची मांडणी, प्रत्येक आज्ञावली आपापल्या पद्धतीने नोंदविते.

जॉन वॉर्नॉक (१९४०–२०२३) व चार्ल्स गेश्के (१९३९–२०२१) यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडून १९८२ मध्ये अ‍ॅडोबी ही कंपनी स्थापन केली. तिची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा १९८४ मध्ये आली आणि पुढील वर्षी अ‍ॅपलच्या लेझररायटर या मुद्रकात बसविली गेली. पृष्ठावर काय व कोठे रेखाटावे याच्या सूचना या भाषेत लिहिलेल्या असल्याने, ती जाणणाऱ्या कोणत्याही मुद्रकावर तेच पृष्ठ त्या त्या यंत्राच्या कुवतीनुसार उमटू लागले. इलस्ट्रेटर (१९८७) व फ्रीहँड (१९८८) या दोन्ही रेखांकन आज्ञावली या भाषेच्या आधारे उभ्या राहिल्या. तरीही एकीची फाइल दुसरीत मोकळेपणी बदलता येत नसे. याचे कारण भाषेच्या स्वरूपातच होते. पोस्टस्क्रिप्ट ही रेखाटण्याची भाषा आहे. अमुक ओळ अमुक परिच्छेदाची आहे, हे तिला ठाऊक असण्याची गरज नसते. परिच्छेद तिच्यात उतरला की अक्षरांचे सुटे तुकडे होतात व ते नेमून दिलेल्या जागी बसतात.

या अडचणीतून काढलेली वाट म्हणजे ईपीएस हा फाइलप्रकार. यात चित्राच्या सूचनांबरोबर त्याच्या चौकटीची मापे आणि पडद्यावर दाखविण्यासाठी एक ओबडधोबड प्रतिमा असे. पेजमेकरसारख्या पृष्ठमांडणीच्या आज्ञावलीत अशी फाइल बसविता येई, लहानमोठी करता येई. आत मात्र हात घालता येत नसे. मुद्रकाला पोस्टस्क्रिप्ट येत नसल्यास त्या ओबडधोबड प्रतिमेचीच छपाई होई.

पारदर्शक रंगांमुळे पोस्टस्क्रिप्टची आणखी एक मर्यादा उघड झाली. एका रंगातून दुसरा दिसावा अशी सोय या भाषेत नव्हती. इलस्ट्रेटरच्या नवव्या आवृत्तीत (२०००) पारदर्शकता आली, तेव्हा तिच्या फाइलींचा पाया पोस्टस्क्रिप्टवरून पीडीएफवर हलविण्यात आला. तेव्हापासून या फाइलीत सामान्यतः एकाच चित्राच्या दोन नोंदी असतात : एक इलस्ट्रेटरपुरती खाजगी, दुसरी इतरांना वाचता येणारी पीडीएफ. परकी आज्ञावली बहुधा दुसरीच उघडते. फाइल उघडली म्हणून निश्चिंत झालेल्या कलाकाराला थर व मजकूर यांची मोडतोड पुष्कळदा मागाहून ध्यानात येते. १९९३ मध्ये आलेले पीडीएफ २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. तयार पृष्ठ मुद्रणालयाकडे धाडण्यास ते उत्तम होय. चित्राची दुरुस्ती हा त्याचा मूळ हेतूच नव्हे.

फ्रीहँडच्या उदाहरणावरून असंगतीची खरी किंमत कळते. १९९४ मध्ये अ‍ॅडोबीने ऑल्डस विकत घेतली, तेव्हा स्पर्धा टिकावी म्हणून फ्रीहँड तिच्या मूळ निर्मात्यांकडे परत गेली व पुढे मॅक्रोमीडियाकडे आली. २००५ मध्ये मॅक्रोमीडियाही अ‍ॅडोबीने घेतली आणि २००७ मध्ये फ्रीहँडचा विकास थांबल्याचे जाहीर झाले. एका फाइलीत अनेक पृष्ठे ठेवण्याची सोय फ्रीहँडमध्ये होती, इलस्ट्रेटरमध्ये ती २००८ मध्ये आली. २०११ मधील मॅक संगणकप्रणालीवर तर फ्रीहँड चालेनाशीच झाली. वर्षानुवर्षांचे काम या फाइलींत ठेवणाऱ्या कलाकारांना ती चित्रे फ्रीहँडमध्ये पूर्वीप्रमाणे हाताळण्यासाठी जुना संगणक जपून ठेवणे भाग पडले. खाजगी मालकीच्या फाइलप्रकारात ठेवलेल्या कलाकृतीचे आयुष्य अशा रीतीने कंपन्यांच्या खरेदीविक्रीवर अवलंबून राहते. २००१ मध्ये शिफारस झालेला एसव्हीजी हा खुला प्रकार या दोषापासून मुक्त आहे; परंतु तो महाजालासाठी योजिलेला असल्याने छपाईच्या चार शाईंची सोय त्यात मुळात नाही.

देवनागरी मजकुराच्या बाबतीत अडचण दुहेरी ठरली. युनिकोडपूर्व फाँटांत देवनागरीचे अक्षरखंड रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत व ही वाटणी प्रत्येक निर्मात्याची निराळी असे. फाँट नसलेल्या संगणकावर मराठी लग्नपत्रिका उघडली की अर्थहीन रोमन अक्षरे दिसत. युनिकोडमुळे हा घोटाळा मिटला, पण जोडाक्षरे जुळविण्याची व्यवस्था नसलेल्या आज्ञावलीत ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाऊ लागली आणि जोडाक्षरे फुटू लागली. म्हणून कोरलड्रॉवर काम करणाऱ्या मुद्रणव्यावसायिकांत फाइल ‘कर्व्ह करून’ देण्याचा रिवाज पडला. यात अक्षरांचे रूपांतर निव्वळ आकृत्यांत होते. ती कोठेही बिनचूक दिसतात. मात्र अशा फाइलीत शब्द शोधता येत नाही आणि राहून गेलेला एखादा अनुस्वार टंकलिखित करून घालता येत नाही. त्यासाठी कर्व्ह न केलेली मूळ प्रत हाताशी असावी लागते.