मार्केटिंग मॅनेजरचा इन्सेन्टिव्ह कसा ठरवायचा?

पानशेतला माझ्या मित्राचं छोटं रिसॉर्ट आहे. त्याने पहिल्यांदाच मार्केटिंग मॅनेजर ठेवला, तेव्हा पगाराची शीट मी बनवून दिली. तो म्हणाला, "एकूण बुकिंगवर २ टक्के देऊ." पण पावसाळ्यातला शनिवार-रविवार पानशेतला जाहिरात न करताही भरतो. खरी मेहनत मंगळवारची खोली भरण्यात आहे. म्हणून आम्ही असं ठरवलं:

१. फिक्स्ड पगार: ३०,००० रुपये. घरखर्च इन्सेन्टिव्हवर अवलंबून नको.

२. इन्सेन्टिव्ह: सोमवार ते गुरुवारच्या बुकिंगवर ५ टक्के, बाकी दिवशी १ टक्का.

३. मोजणी: मॅनेजरच्या प्रत्येक जाहिरातीला वेगळा कूपन कोड. त्या कोडवरचीच बुकिंग धरायची, तीही पाहुणे राहून गेल्यावर. कॅन्सल झालेली धरायची नाहीत. लाइक्सना पैसे नाहीत.

४. पहिले ३ महिने: किमान ४,००० इन्सेन्टिव्ह नक्की, कारण जाहिरातीचा परिणाम दिसायला वेळ लागतो.

उदाहरण: सोमवार ते गुरुवार ८०,०००, बाकी दिवशी १,००,००० रुपयांची बुकिंग झाली. इन्सेन्टिव्ह ४,००० + १,००० = ५,००० आणि एकूण पगार ३५,०००.

हे सगळं ऑफर लेटरमध्ये लिहा आणि शीट दोघांनाही दिसू द्या. महिनाअखेरीची वादावादी तिथेच संपते.