इंदूरचे पोलीस: कोतवालापासून कमिश्नरपर्यंत

पुण्या-मुंबईचे पाहुणे इंदूरला आले की 'टीआय' या शब्दाशी अडखळतात. तिकडे पीआय, इकडे टीआय. हुद्दा तोच, पोलीस निरीक्षकाचा. टाउन इन्स्पेक्टर हे जुने नाव आपल्याकडे टिकून राहिले, एवढेच. त्याच्या हाताखाली उपनिरीक्षक, सहायक उपनिरीक्षक, प्रधान आरक्षक आणि सर्वांत खाली आरक्षक, म्हणजे आपला सिपाही.

माळव्यातल्या बंदोबस्ताचा इतिहास अहिल्याबाईंपर्यंत मागे नेता येतो. डोंगरवाटांवर व्यापाऱ्यांना लुटणाऱ्या भिल्लांना त्यांनी केवळ शिक्षाच केल्या नाहीत. त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर 'भिल्लकवडी' नावाचा छोटा कर घेण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आणि त्या बदल्यात वाट राखण्याची व चोरीचा माल शोधून देण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. जबाबदारी आणि मोबदला एकाच हाती देण्याची ही व्यवस्था मला आजही शहाणपणाची वाटते.

१८१८ च्या मंदसोर तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले आणि इथे इंग्रजांची रेसिडेन्सी आली. शहर एक, पण हद्दी दोन: इकडे होळकरांचा अंमल, तिकडे रेसिडेन्सीचा. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश बनला. मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल इथले वेगवेगळ्या घडणीचे पोलीस एका छत्राखाली आले. ती घडी बसवण्याच्या काळात, १९५८ ते १९६५, राज्याच्या पोलीस दलाचे प्रमुख होते के. एफ. रुस्तमजी, नागपूरजवळच्या कामठीचे. चंबळच्या डाकूंविरुद्धची मोहीम त्यांच्याच कारकिर्दीतली. पुढे सीमा सुरक्षा दल त्यांनी उभारले. इंदूरच्या सशस्त्र पोलीस प्रशिक्षण महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.

जुन्या शहराच्या खुणा थान्यांच्या नावांत दिसतात: पंढरीनाथ, मल्हारगंज, तुकोगंज, संयोगितागंज, सराफा, सेंट्रल कोतवाली. कोतवाल गेला, कोतवाली राहिली.

मोठा बदल झाला तो ९ डिसेंबर २०२१ रोजी. त्या दिवसापासून इंदूर आणि भोपाळमध्ये पोलीस आयुक्त पद्धत लागू झाली. हरिनारायणचारी मिश्र इंदूरचे पहिले कमिश्नर, तर भोपाळचे पहिले मकरंद देऊस्कर. २०२३ मध्ये दोघांची अदलाबदल झाली आणि देऊस्कर आपल्याकडे आले. आरंभी शहरातले ३६ थाने चार झोनमध्ये विभागले गेले आणि प्रत्येक झोन एका उपायुक्ताकडे सोपवला गेला. महू, सांवेर, देपालपूर हा भाग मात्र ग्रामीण एसपींकडेच आहे, तेव्हा महूच्या नातेवाइकांनी कमिश्नर कार्यालयात चकरा मारू नयेत.

फरक नेमका काय पडला? पूर्वी जमावबंदीचा आदेश काढणे, भांडखोराकडून शांततेचा बाँड घेणे, गुंडाला जिलाबदर करणे हे अधिकार कलेक्टर आणि त्यांच्या दंडाधिकाऱ्यांकडे होते. आता शहरात ते पोलिसांकडे आहेत. शस्त्र परवाने कलेक्टरांकडेच राहिले. निर्णय लवकर होतात, हा फायदा खरा. पण मी आयुष्यभर बँकेत काढले. तिथला पहिला धडा असा की व्हाउचर बनवणारा आणि ते पास करणारा एकच माणूस नसावा. दोघेही प्रामाणिक असले तरी नसावा. सिपाही माणसाला पकडून आणतो आणि त्याच खात्याचा सहायक आयुक्त त्याच्याकडून बाँड घेतो, तेव्हा तपासणारा दुसरा हात उरतो तो फक्त न्यायालयाचा. बाँड भरायची वेळ आलेल्या माणसाने वकिलाला विचारूनच सही करावी, असे मला वाटते.

वर अधिकार वाढले, खालच्या माणसाचे काय? भरतीच्या वाटा तीन आहेत. आयपीएस अधिकारी दिल्लीच्या यूपीएससीतून येतात. डीएसपी राज्य लोकसेवा आयोगातून, ज्याचे कार्यालय आपल्या इंदूरमध्येच आहे. उपनिरीक्षक आणि आरक्षक कर्मचारी निवड मंडळाच्या परीक्षेतून. २०२३ पासून राज्याच्या नोकऱ्यांत वनखाते वगळता स्त्रियांना ३५ टक्के आरक्षण आहे. आपल्या घरांतल्या मुली बँक आणि आयटीकडे वळतात. या परीक्षांची माहितीही घरात असावी.

सिपाह्याला २०१९ च्या जानेवारीत साप्ताहिक सुट्टी जाहीर झाली होती. ती टिकली नाही. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या रात्रभर चालतात, रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघते, तेव्हा आपण घरी परतून झोपलो तरी तो चौकातच उभा असतो. दुसऱ्या दिवशी त्याच थान्यात पासबुक हरवल्याची तक्रार घेऊन आपण जातो आणि तो आपल्यावर खेकसतो. खेकसणे चूकच आहे. पण तक्रार लेखी द्यावी, पोच मागावी, आणि पोच मिळाली नाही तर सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ लावावा.