पोरबंदरची रेघ

आमच्या बीड जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. सिंदफणेला पूर आला की माणसे काठावर जमतात, तेवढेच आमचे पाणी. त्यामुळे वर्गात आरमाराचा विषय निघाला की कान्होजी आंग्रे सरखेलांपाशी तो थांबतो, आणि पुढची दोनशे वर्षे मुलांच्या लेखी दर्या कोरडाच पडतो. त्या कोरड्या वर्षांनंतरच्या एका मराठी दर्यावर्द्याची हकीकत आज सांगायची आहे. त्यांचे नाव व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण.

अमेरिकेच्या ॲडमिरल निमिट्झला दोन महायुद्धे लाभली. पहिल्यात तो पाणबुड्यांच्या दलात होता; दुसऱ्यात पॅसिफिकचे सारे आरमार त्याच्या हाती आले. सोमणांच्या नशिबीही युद्धे आली, पण त्यांची तऱ्हा निराळी. दुसरे महायुद्ध त्यांनी रॉयल इंडियन नेव्हीत काढले. मेहनत आपली, निशाण इंग्रजांचे. पुढे फाळणीत जहाजांचीही वाटणी झाली. आरमाराची तोफखान्याची शाळा कराचीत होती. ती तिकडेच राहिली. काल एका जहाजावर जेवणारे अधिकारी आज समोरासमोर उभे राहिले.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी आपल्या आरमाराचे नेतृत्व सोमणांकडे होते. ‘बेटवा’ आणि ‘बियास’ यांनी पोर्तुगीजांची ‘आल्बुकर्क’ निकामी केली. अंजदीव बेटावर मात्र आपले ७ नौसैनिक पडले. जून १९६२ मध्ये सोमण नौदलप्रमुख झाले. त्या जागी बसलेले ते दुसरे भारतीय.

आणि मग १९६५ साल उजाडले. ‘विक्रांत’ मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला, बरीचशी जहाजे बंगालच्या उपसागरात. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या सात जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या. (त्यातल्या एकीचे नाव ‘आलमगीर’. खुद्द आलमगीर आमच्या मराठवाड्यातच, खुलताबादेत, मातीखाली आहे, हे त्यांच्या ध्यानी असेल का, कोण जाणे!) बहुतेक गोळे मऊ जमिनीत रुतले, देऊळ वाचले. पण देशाच्या मनाला ते लागले. ‘आरमार करीत काय होते?’ असे जो तो विचारू लागला.

सरकारचा हुकूम असा होता, की नौदलाने मुंबईपासून दोनशे मैलांपलीकडे जाऊ नये आणि पोरबंदरच्या रेघेच्या उत्तरेस लढाई करू नये. नकाशा उघडून पाहा, वाचकहो: द्वारका त्या रेघेच्या उत्तरेलाच आहे! युद्ध समुद्रावर पसरू नये, हा सरकारचा हेतू. इंडोनेशियाचा कल त्या वेळी पाकिस्तानकडे होता, अंदमानची काळजी होती. तेव्हा हा हुकूम अगदीच वेडेपणाचा होता, असे मी म्हणणार नाही. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण, म्हणजे दोन्ही बाजूंना मराठी माणसेच. सोमणांनी हुकमाविरुद्ध वरपर्यंत जोराने दाद मागितली. हुकूम फिरला नाही. तेव्हा त्यांनी तो पाळला आणि लोकांचे बोल खाली मान घालून ऐकले. मला विचाराल तर जहाज बुडविण्यापेक्षा हे कठीण. तोफ डागायला एक क्षण पुरतो. हाती तोफ असून गप्प राहायला दिवसच्या दिवस लागतात. राजीनामा फेकून टाळ्या मिळविता आल्या असत्या, पण ऐन लढाईत सेनापतीविना आरमार कोणाच्या हवाली करायचे?

मार्च १९६६ मध्ये ते निवृत्त झाले. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री क्षेपणास्त्रे घेतलेल्या आपल्या छोट्या नौका ती जुनी रेघ ओलांडून थेट कराचीवर गेल्या. तेव्हा नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा होते.