ठासणीची बंदूक

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या नळीच्या तोंडातून दारू, बोळा आणि गोळी किंवा छर्रे आत घालून ते गजाने ठासावे लागतात अशी बंदूक. तयार काडतूस नळीच्या मागच्या बाजूने घालण्याची सोय तिच्यात नसते. जगात इतरत्र ही बंदूक बहुतांशी संग्रहालयात किंवा हौशी नेमबाजांकडे उरली आहे. कोकणात मात्र ती अजूनही शेतकऱ्याच्या घरात आढळते. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा या तालुक्यांत भातशेती व बागायतीच्या राखणीसाठी तिचा वापर होत आला आहे.

== रचना ==

बंदुकीचे मुख्य भाग नळी, लाकडी दस्ता, घोडा, चाप आणि नळीखाली अडकवलेला गज हे होत. नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा असतात, तशा येथे नसतात. त्यामुळे लांबवरचा अचूक नेम साधत नाही. चाळीस-पन्नास पावलांच्या आत मात्र ती परिणामकारक ठरते.

दारू पेटवण्याच्या पद्धतीवरून या बंदुकांचे प्रकार पडतात. सर्वांत जुनी तोड्याची बंदूक. तिच्यात जळता तोडा रंजकाला लावला जाई. पुढे चकमकीची बंदूक आली. स्कॉटलंडमधील पाद्री अलेक्झांडर फोरसिथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले आणि त्यातून पुढे तांब्याच्या टोपीचा शोध लागला. या टोपीला कोकणात ‘केप’ म्हणतात. आज वापरात असलेल्या जवळजवळ सर्व बंदुका केपाच्या आहेत. पावसाळी प्रदेशात हा बदल मोलाचा ठरला, कारण उघड्या रंजकाच्या मानाने बंद टोपी दमट हवेत अधिक भरवशाची असते.

== भरणे व निगा ==

या बंदुकीचा प्रत्येक बार हाताने घडवावा लागतो. दारू, तिच्यावर काथ्याचा किंवा चिंध्यांचा बोळा, मग छर्रे किंवा गोळी आणि ती घरंगळू नये म्हणून पुन्हा बोळा असा क्रम असतो. केप सर्वांत शेवटी बसवली जाते. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळीवर अवाजवी दाब येतो. पद्धतीच्या नावातच ‘ठासणे’ आहे ते उगाच नव्हे. दारू काळी, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांची असते. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिए यांनी शोधलेल्या धूररहित दारूचा दाब अनेक पटींनी जास्त असल्याने ती अशा नळीत घातल्यास नळी फुटते.

भात तयार होण्याच्या दिवसांत बंदूक कित्येक दिवस भरून ठेवली जाते. ती भरलेली आहे हे विसरून दुसरा बार वर ठासणे हे अपघाताचे एक प्रमुख कारण आहे. यावर जुना उपाय गजावरील खुणेचा आहे. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो आणि भरलेल्या नळीत कुठवर, अशा दोन खुणा केलेल्या असतात. घरातील कोणालाही गज आत सोडून बंदुकीची स्थिती कळते.

काळ्या दारूची राख हवेतील ओलावा शोषते, आणि किनाऱ्यावर त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल न लावल्यास थोड्याच दिवसांत गंज चढतो. आतून गंजलेली नळी बाहेरून धडधाकट दिसू शकते, म्हणून ती अधिक घातक असते.

== मॅग्नम रायफल आणि किनारपट्टी ==

शिकारी शस्त्रांच्या दुसऱ्या टोकाला मॅग्नम रायफल आहे. ‘मॅग्नम’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘मोठे’. त्याच व्यासाच्या गोळीसाठी नेहमीपेक्षा मोठे व अधिक दारू मावणारे काडतूस, असा त्याचा बंदूक-व्यवहारातील अर्थ. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कंपनीने १९१२ मध्ये बाजारात आणलेले ०.३७५ इंच मॅग्नम हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्याची सुमारे १९ ग्रॅम वजनाची गोळी मोठ्या जनावरांसाठी आहे. ब्रिटिश काळात अशी शस्त्रे युरोपीय अधिकारी व संस्थानिक यांच्यापुरती मर्यादित होती.

निवड तेव्हाही केवळ शिकाऱ्याच्या मर्जीची नव्हती. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने ०.४५० इंच व्यासाच्या रायफलींना हिंदुस्थानात बंदी केली. त्या काडतुसांतील गोळ्या काढून बंडखोरांच्या हातच्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी वापरल्या जातील, ही भीती त्यामागे होती. काडतूस पुन्हा भरता येते या एका गोष्टीपायी इंग्लंडमधील कारखानदारांना ०.४६५ आणि ०.४७० इंचाच्या नव्या रायफली काढाव्या लागल्या. स्वातंत्र्यानंतरही ०.३०३ सारखी लष्करी काडतुसे नागरिकांना वर्ज्य राहिली आणि ईशापूरच्या सरकारी कारखान्याने त्यांच्यासाठी ०.३१५ इंचाची रायफल बनवली.

मॅग्नम काडतूस पुन्हा भरणे हे ठासणीपेक्षा नाजूक काम आहे. वापरलेले पितळी कवच साच्यातून काढून मूळ मापावर आणणे, नवी टोपी बसवणे, दारू तोलून घालणे आणि गोळी ठरावीक खोलीवर बसवणे हे त्याचे टप्पे. ०.३७५ च्या कवचाला बुडाशी जाड पट्टा असतो. वारंवार भरल्यास पट्ट्याच्या किंचित पुढे पितळ ताणून पातळ होते आणि कवच तेथेच तुटते. जोडनळीच्या रायफलीत दोन्ही नळ्या एका विशिष्ट भाराला जुळवलेल्या असल्याने भार बदलला की त्यांच्या गोळ्या एका ठिकाणी लागत नाहीत. जुनी कॉर्डाइट दारू उष्ण हवेत अधिक दाब निर्माण करी, म्हणून उष्ण प्रदेशांसाठीची काडतुसे वेगळी भरली जात.

मुरूड-जंजिरा संस्थानाच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान आजच्या फणसाड येथे होते. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९८६ मध्ये त्या जंगलाचे अभयारण्य झाले. या रानात बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर आणि शेकरू आढळतात. पाणवठ्यांना तेथे ‘गाण’ म्हणतात. झाडी इतकी दाट आहे की जनावर दिसते तेच थोड्या अंतरावर. अशा ठिकाणी लांब पल्ल्याच्या रायफलीचा मुख्य गुण वाया जातो. शिवाय तिची चुकलेली गोळी किलोमीटरहून अधिक दूर जाऊ शकते, आणि वाड्या-पाड्यांनी भरलेल्या किनाऱ्यावर तिच्या वाटेत कोण असेल हे सांगता येत नाही. या एका बाबतीत ठासणीच्या बंदुकीचा तोकडा पल्ला हा तिचा गुणच आहे.

== कायदा ==

१८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना बंधनकारक झाला. त्याच्या जागी आलेला शस्त्र अधिनियम १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना देण्याची तरतूद त्याच्या कलम १३ मध्ये आहे. ती बंदूक त्या कामाला अपुरी आहे अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर होऊ शकते. म्हणजे शेतकऱ्याने कोणते शस्त्र निवडावे हे कायद्यानेच बऱ्याच अंशी ठरवून टाकले आहे. परवान्याविना शस्त्र किंवा दारूगोळा तयार करण्यास कलम ५ ची मनाई आहे.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. हा फरक गावोगाव नीट समजलेला नाही आणि त्यातूनच अनेक गुन्हे दाखल होतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारण्यासाठीही कलम ११ खाली अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, आणि असे मारलेले जनावर शासनाची मालमत्ता ठरते. बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबत पिकाचे किंवा गुरांचे नुकसान हे कारण पुरत नाही. कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपल्या शस्त्राची वन विभागाकडे नोंदणी करावयाची असते आणि त्या परिसरात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीविना नवा परवाना देता येत नाही. फणसाडभोवतालच्या गावांना हा नियम लागू पडतो.

== सद्यस्थिती ==

रानडुकराचा कळप एका रात्रीत भाताचे अख्खे खाचर लोळवतो, तर वानर व माकडे नारळ-सुपारीच्या बागांचे नुकसान करतात. माकडांवर बंदुकीचा उपयोग बहुधा नुसत्या आवाजापुरता केला जातो. दुसरीकडे, रात्री हालचाल पाहून झाडलेला बार माणसाला लागल्याच्या घटना कोकणात घडत आल्या आहेत. बंदुकीऐवजी लावलेली तारेची फासकी तर जनावराची निवडच करत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो.

निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०१९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. कोकणातील भातकापणीचे दिवस हेच असतात.