रांग लावणारा बॉट

झूम, टीम्स घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी, २००० नंतरच्या दशकात, वेबचे नियम ठरवणारी माणसं फोनवर भेटायची. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये एमआयटीत सुरू केलेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची ही माणसं. कोणी अमेरिकेत, कोणी युरोपात, कोणी जपानमध्ये. फोनवर चेहरा दिसत नाही, मग पुढे कोण बोलणार हे ठरायचं कसं? ज्याचा आवाज मोठा त्याची मीटिंग, असं व्हायला वेळ लागत नाही.

त्यांचा उपाय साधा होता. कानाला फोन आणि समोर आयआरसीची चॅट. त्या चॅटमध्ये झाकिम नावाचा बॉट असे. हे नाव बॉस्टनमधल्या एका पुलाचं. अनेक फोन एकत्र जोडणाऱ्या यंत्रणेलाही ब्रिजच म्हणतात. बोलायचं असेल तर 'क्यू प्लस' अशी खूण टाइप करायची, की झाकिम तुमचं नाव रांगेत लावायचा. लाइनवर कोण आहे, गोंगाट कुणाकडून येतोय, हेही सांगायचा. टिपणं घ्यायला कुणी पुढे येत नसेल तर 'पिक अ व्हिक्टिम' म्हणायचं. तो एक बकरा निवडून द्यायचा!

चॅटची नोंद ठेवायला आरआरएसएजंट हा दुसरा बॉट होता. पण फोनवर काय बोललं गेलं ते माणूसच टाइप करायचा, सगळ्यांच्या देखत. काही चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्ती सुचवता यायची.

झाकिमला ठरावीक आज्ञांपलीकडे काही कळत नव्हतं. तरी अडखळत इंग्रजी बोलणाऱ्याला आणि दुसऱ्याचं वाक्य तोडणाऱ्याला त्याच्या रांगेत सारखीच जागा होती.

त्याच काळात दुसरी वाट निघाली. २००३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पाने कॅलो प्रकल्पाला पैसा दिला. एसआरआयच्या नेतृत्वाखालच्या या प्रकल्पात, मीटिंग ऐकून कोणती कामं ठरली ते यंत्राने ओळखावं, असाही एक भाग होता. सिरीची मुळं याच प्रकल्पात आहेत. आज कॉलमध्ये येऊन बसणारे, नोट्स काढणारे एजंट मला याच वाटेवरचे वाटतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसाचे दोन-तीन तास कॉलवरच जातात. एजंटचा सारांश कॉल संपल्यावर येतो. नीटनेटका असतो, मुद्देसूद असतो. पण दोनदा अनम्यूट होऊन, मध्ये फट न मिळाल्याने पुन्हा म्यूट झालेल्या नव्या मुलीचं नाव त्यात नसतं. हात वर करायचं बटण आहे, पण तिकडे बघतो कोण?

तिचा माइक दोनदा उघडला, हे सॉफ्टवेअरला कळलेलं असतं. एजंटने तेव्हाच एवढं म्हणावं: "थांबा, तिला काहीतरी सांगायचंय." त्यासाठी भाषा समजायचीही गरज नाही.