पटावर ७५२, कामाला २६५

रोमन सैन्य म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लाल झगे, चकाकणारी शिरस्त्राणं, एका तालात चालणाऱ्या रांगा. हे सिनेमातलं चित्र जरा बाजूला ठेवा. आज आपण एकच कागद वाचू. खरं तर कागद नव्हे, लाकडाची पातळ पट्टी.

उत्तर इंग्लंडमध्ये विंडोलांडा नावाचं रोमन ठाणं होतं. १९७३ साली रॉबिन बर्ली यांना तिथल्या उत्खननात शाईने लिहिलेल्या पट्ट्या सापडू लागल्या. ओल्या मातीत हवा पोचली नाही, म्हणून लाकूड कुजलं नाही. त्यातलीच एक म्हणजे पहिल्या तुंग्रियन कोहोर्टचा हजेरीपट. तारीख १८ मे, साल इसवी सन ९० च्या दशकातलं. हेड्रियनची भिंत तेव्हा बांधलेलीसुद्धा नव्हती.

आता आकडे बघा. पटावर ७५२ जण, त्यांत ६ सेंचुरियन. बाहेर गेलेले ४५६. त्यांपैकी ३३७ दुसऱ्या एका ठाण्यावर, ४६ गव्हर्नरच्या रक्षकदलात, एक सेंचुरियन तर थेट लंडनला. विंडोलांडात उरले २९६ आणि त्यांच्यावर एकच सेंचुरियन. या २९६ मध्ये १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. धडधाकट फक्त २६५.

म्हणजे जखमींपेक्षा डोळ्यांनी बेजार झालेले जास्त! सैनिकाचं रोजचं जगणं हे असं होतं. दुसऱ्या एका पट्टीत मोजे, चपला आणि अंतर्वस्त्रं पाठवल्याचा उल्लेख आहे. आणखी एकीत मास्क्लुस नावाचा अधिकारी वरिष्ठांना कळवतो, की माणसांकडची बिअर संपली, पाठवून द्या. तुंग्रियन मूळचे आजच्या बेल्जियमच्या भागातले. अशा सहायक पथकांतल्या बहुतेकांना रोमन नागरिकत्वासाठी २५ वर्षं नोकरी करावी लागे, आणि तोवर कायद्याने लग्नही करता येत नसे.

तुमच्या कामाचा मुद्दा आता येतो. 'अमुक ठाण्यावर इतकं सैन्य होतं' असं वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हा आकडा पटावरचा, हजर असलेल्यांचा, की लढू शकणाऱ्यांचा? इथे तिन्ही वेगळे आहेत. ७५२ धरून विंडोलांडाच्या धान्याचा हिशेब मांडलात, तर तो अडीचपट फुगेल.

पण उलटी चूकही करू नका. ही एका पथकाची, एका दिवसाची नोंद आहे. तिच्यावरून 'रोमन सैन्यात दोन तृतीयांश लोक कामावर नसायचे' असं म्हणता येत नाही. मग ती सांगते काय? एवढंच, की आकडा दिसला की तो कोणी, कशासाठी मोजला, हे आधी शोधायचं.