रंग वाळण्याची मुदत

मलकापुराहून कऱ्हाडास यावे आणि तेथून ईशान्येची वाट धरावी, म्हणजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली औंधास यमाईच्या डोंगरावर उभारलेले श्रीभवानी वस्तुसंग्रहालय लागते. शिकारीत आणि शर्यतींत दौलत उधळणारे संस्थानिक पुष्कळ झाले. स्वतः कुंचला हाती घेऊन रामायणाची चित्रे काढणारा, आणि ती 1916 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणारा अधिपती विरळाच. याच पंतांनी ज्यांना 1910 साली कारखान्यासाठी जागा दिली, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते खरे, पण अंशतः रंगांधळे असल्याने रंग सोडून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. रंगवेड्या राजाच्या मुलखात किर्लोस्करवाडी वसली ती अशी!

त्या संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांपुढे उभे राहिले की रंगकामाची प्रत्येक पद्धत हा मुळात रंग वाळण्याच्या मुदतीशी केलेला करार असतो, हे ध्यानात येते. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यात चिताऱ्यांनी भिंती रंगवल्या. अशा कामात रंग पाण्यात कालवलेला. पाणी उडाले की दुरुस्तीची सवड थोडी, आणि पुढे भिंतीस ओल धरली की पोपडे ठरलेले. तैलरंगाने ही घाई मिटवली. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होते, त्यास दिवसच काय, आठवडेही लागतात. म्हणूनच गालावरची सावली कपाळावरच्या उजेडात अलगद विरवून टाकण्यास चित्रकाराला अवकाश मिळतो. त्याबदली खालच्या थरात तेल कमी आणि वरच्यात अधिक, हा दंडक पाळावा लागतो. नाही तर काही वर्षांनी चित्र तडकते.

ॲक्रिलिक आले ते 1950च्या दशकात, अमेरिकेतून, आणि त्याची घडण घरांच्या भिंतींना लावायच्या रंगांच्या धंद्यातली. कृत्रिम राळेचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांत मिसळून लवचीक पापुद्रा बनतो, आणि तो पुन्हा पाण्याने सुटत नाही. पातळ थर काही मिनिटांत वाळतो. नवशिक्याची फजिती येथेच होते: चहा घेऊन परत यावे, तो रंगपाटीवरचा निळा चिवट कातडे होऊन बसलेला, आणि कुंचल्याचे केस काडीसारखे ताठ. म्हणून रंग लागेल तेवढाच काढावा, पाटीवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारावा, कुंचला पाण्याबाहेर विसरू नये. वाळल्यावर छटा किंचित गडद होते, तेव्हा आधी रद्दी कागदावर लावून पाहावी. मेणवलीची घाई आणि तैलरंगाची दाटी या दोन्ही त्यात आहेत. पाणी घातले तर जलरंगासारखा वाहतो, न घातले तर सुरीने थापता येतो. विरवण्याचे काम मात्र पारदर्शक थरांवर थर चढवूनच साधावे लागते, आणि माझ्या मते ती शिस्त हाताला बरी.

जुन्या तैलचित्राच्या फलकावर नवे काम करू पाहणाऱ्यास एक ताकीद: वाळलेल्या ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही.